मॉक ड्राफ्ट आणि बिग बोर्ड: भांडण्याआधी हातात कुठली यादी आहे ते बघा

एप्रिल जवळ आला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, चाहत्यांना एकच विषय पुरतो: आपल्या टीमनं कोणाला घ्यायचं. डॅलसमध्ये राहणारा काउबॉइजवाला असो, न्यू जर्सीत राहून जायंट्सवर जीव टाकणारा असो, की पुण्यात बसून हे वेड लावून घेतलेला असो, प्रत्येकाच्या फोनवर एक यादी उघडी असते आणि त्या यादीच्या जोरावर तो समोरच्याला गप्प करू बघतो. पण बऱ्याचदा एकाच्या हातात मॉक ड्राफ्ट असतो आणि दुसऱ्याच्या हातात बिग बोर्ड. दोन्हींत डावीकडे ओळीनं आकडे आणि समोर तीच ती नावं, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात आणि भांडण रात्रभर चालतं.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी आधी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू टीमांनी पाळीपाळीनं निवडणं. इथे बोली नसते. ३२ टीम, ७ राउंड. आदल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमचा नंबर पहिला, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारीचा शेवटी. आपली पाळी आली की कॉलेजमधून येणाऱ्या पोरांपैकी एकाचं नाव द्यायचं. हे नंबर टीम आपापसांत विकतात, बदलतात, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते.

बिग बोर्ड ही खेळाडूंची क्रमवारी. बोर्ड करणारा म्हणतो की माझ्या मते यंदाचा सगळ्यात चांगला खेळाडू हा, दुसरा हा, तिसरा तो. कुठल्या टीमला काय हवंय, कोणाचा नंबर कितवा, याच्याशी त्याला घेणं नाही. मॉक ड्राफ्ट हे टीमांबद्दलचं भाकीत: पहिली पाळी टेनेसीची, ते अमक्याला घेतील; दुसरी क्लीव्हलंडची, ते तमक्याला घेतील. एक दहावीची गुणवत्ता यादी, तर दुसरा कोणाला कुठलं कॉलेज लागेल याचा अंदाज. यादीत वर असलेल्या पोरानं घराजवळचं साधं कॉलेज घेतलं, म्हणून यादी खोटी पडत नाही.

२०२५ चा ड्राफ्ट यासाठी फार चांगला नमुना आहे. कॅम वॉर्ड पहिल्या नंबरवर टेनेसी टायटन्सकडे जाणार हे जवळजवळ सगळ्या मॉकमध्ये होतं आणि तसंच झालं. पण बहुतेक बोर्डांवर पहिलं नाव वॉर्डचं नव्हतंच. तिथे ट्रॅव्हिस हंटर किंवा अब्दुल कार्टर होते. म्हणजे एकाच लेखकाच्या मॉकमध्ये वॉर्ड पहिला आणि त्याच्याच बोर्डावर हंटर पहिला, आणि दोन्ही बरोबर. टायटन्सना क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा माणूस, हवा होता आणि वॉर्ड क्वार्टरबॅक आहे, एवढंच त्याचं कारण. मग दुसऱ्याच नंबरवर जॅक्सनव्हिलनं क्लीव्हलंडशी सौदा करून हंटरला उचललं आणि लोकांचे मॉक पहिल्या अर्ध्या तासातच कोलमडले. बोर्डांचं मात्र काहीच बिघडलं नाही, हंटर आधीही वर होता आणि नंतरही.

त्याच ड्राफ्टमधली शदूर सँडर्स या क्वार्टरबॅकची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. ईएसपीएन या खेळाच्या चॅनेलचा मेल कायपर म्हणजे या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. त्याच्या बोर्डावर सँडर्स पाचवा होता. कित्येक मॉकमध्ये तो २१ व्या नंबरवर पिट्सबर्गला जात होता. पिट्सबर्गनं डेरिक हार्मन हा बचावातला खेळाडू घेतला. जायंट्सनी सौदा करून वर सरकून २५ व्या नंबरवर क्वार्टरबॅकच घेतला, पण जॅक्सन डार्टला. पहिला राउंड गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात क्लीव्हलंडनं क्वार्टरबॅक घेतला तो डिलन गॅब्रियल. सँडर्सचं नाव शेवटी पाचव्या राउंडमध्ये, १४४ व्या नंबरवर पुकारलं गेलं, आणि तेही क्लीव्हलंडनंच. कायपर टीव्हीवर तीन दिवस धुमसत होता आणि चाहते त्याच्यावर हसत होते.

आता यात चुकलं कोण? ज्यांच्या मॉकमध्ये तो २१ व्या नंबरवर होता ते चुकले, त्याच रात्री चुकले, त्यात वाद नाही. कायपरच्या बोर्डाचं मात्र तसं म्हणता येत नाही. हा पोरगा पाचव्या क्रमांकाच्या लायकीचा आहे, असं तो म्हणाला होता. ड्राफ्टमध्ये फक्त एवढं कळलं की ३२ पैकी एकाही टीमला ते पटलं नाही. कायपरचं खरं-खोटं मैदानावर ठरणार, आणि त्याला तीन-चार सीझन लागतात. माझ्या मते सगळी लीग एकीकडे आणि एक माणूस दुसरीकडे असेल तर पैज लीगवर लावावी, पण तो वेगळा मुद्दा.

दोन याद्यांत सगळ्यात मोठी फट पडते ती खेळाडू मैदानात कुठल्या जागेवर खेळतो त्यामुळे. क्वार्टरबॅक मॉकमध्ये नेहमी वर चढतो. गार्ड (आक्रमणात क्वार्टरबॅकला आडोसा देणारा), सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा), रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) खाली घसरतात. बोर्डावर दहावा असलेला गार्ड मॉकमध्ये पंचविसावा दिसला तर दचकू नये. २०२४ मध्ये पहिल्या १२ नंबरांत ६ क्वार्टरबॅक गेले आणि पहिले १४ खेळाडू सगळेच्या सगळे आक्रमणातले निघाले. बचावातला पहिला माणूस, लायातू लातू, थेट १५ व्या नंबरवर. त्यातला ८ वा नंबर अटलांटाचा. महिनाभर आधीच त्यांनी कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला होता. साहजिकच मॉकमध्ये त्यांना कोणी ना कोणी एज रशर, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर कडेनं धावून जाणारा बचावातला खेळाडू, दिलेला होता. त्यांनी मायकल पेनिक्स घेतला, म्हणजे आणखी एक क्वार्टरबॅक. ही निवड कुठल्याही मॉकनं सुचवावी अशी नव्हती, कारण मॉकचा पायाच ‘टीमला काय हवंय’ हा असतो आणि टीमला काय हवंय हे आपण बाहेरून ठरवलेलं असतं.

उलट बाजूचं उदाहरण २०२० चं. डॅलसचा नंबर १७ वा. अमारी कूपरशी नवा करार झालेला, मायकल गॅलप हाताशी, म्हणजे वाइड रिसीव्हरची, फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची, चिंता नाही. चाहत्यांना बचावातला माणूस हवा होता आणि मॉकही तेच सांगत होते. पण सीडी लॅम्ब हा वाइड रिसीव्हरच घसरत घसरत १७ पर्यंत आला. करोनामुळे त्या वर्षी सगळे आपापल्या घरून नावं देत होते. मालक जेरी जोन्स त्याच्या यॉटवर बसला होता. काउबॉइजनी गरज बाजूला ठेवून लॅम्ब घेतला आणि आज त्या निर्णयाला नाव ठेवणारा डॅलसमध्ये सापडायचा नाही.

वादात सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात ढिसाळ शब्द म्हणजे ‘रीच’, म्हणजे खेळाडू फार लवकर घेतला हा आरोप. २०२२ मध्ये न्यू इंग्लंडनं २९ व्या नंबरवर कोल स्ट्रेंज नावाचा चॅटनूगा कॉलेजचा गार्ड घेतला. त्या वेळी लॉस एंजेलिस रॅम्सचा कोच शॉन मॅकवे आणि जनरल मॅनेजर लेस स्नीड पत्रकारांसमोर बसले होते. नाव ऐकून दोघांना हसू आवरेना. मॅकवेच्या बोलण्याचा अर्थ असा की हा पोरगा १०४ व्या नंबरला मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती चित्रफीत चाहत्यांनी ‘स्ट्रेंज बेकार आहे’ याचा पुरावा म्हणून फिरवली. पण नीट बघा: १०४ हा रॅम्सचा स्वतःचा नंबर होता, आणि ते स्ट्रेंजचा अभ्यास करत होते म्हणजे तो त्यांना आवडला होता. पोरगा वाईट आहे हा बोर्डाचा आक्षेप. पोरगा ठीक आहे, पण एवढ्या लवकर घ्यायची गरज नव्हती, हा मॉकचा. मॅकवेचं हसू दुसऱ्या जातीचं होतं. पुढच्या वेळी कोणी ‘रीच’ म्हणून ओरडला तर यातलं नेमकं कुठलं, ते विचारावं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

टीमांकडेही बोर्ड असतातच, आणि ते आपल्यापेक्षा बरेच वेगळे. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, डॉक्टर गुडघे-खांदे तपासतात, कोच मुलाखती घेतात, आणि त्यातून काही नावं बोर्डावरून सरळ पुसली जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही. २०१३ मध्ये काउबॉइजच्या ड्राफ्टरूमचे फोटो बाहेर आले आणि मागच्या भिंतीवरचा बोर्ड चाहत्यांनी मोठा करून करून वाचून काढला. शरीफ फ्लॉइड त्यात बराच वर होता, तरी त्यांनी १८ व्या नंबरवर त्याला सोडलं, सौदा करून खाली ३१ वर सरकले आणि सेंटर, म्हणजे आक्रमणाच्या ओळीत मधोमध खेळणारा, ट्रॅव्हिस फ्रेडरिक घेतला. त्या दिवशी सगळीकडून शिव्या पडल्या. पुढे फ्रेडरिक पाच वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. बोर्ड स्वतःचा असला तरी टीम डोळे झाकून त्याच्यामागे जात नाही.

तसा बोर्ड मॉकपेक्षा कितीतरी जुना. १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा खोलीत एका फळ्यावर ९० नावं लिहिलेली होती. टीम ९, राउंड ९. पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बेरवँगरचं, आणि तो एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही.

याशिवाय चाहत्यांचा लाडका एक तिसरा प्रकार आहे: ‘मी जनरल मॅनेजर असतो तर’. सिम्युलेटरवर सातही राउंड खेळायचे, समोरच्या यंत्राकडून फुकटात दोन-दोन पिक (निवडीचे नंबर) उकळायचे आणि मग ‘माझा मॉक बघा’ म्हणून मिरवायचं. करमणूक म्हणून झकास. पण टीम काय करेल ते त्यात नसतं, खेळाडू कसा आहे तेही नसतं. आपली हौस तेवढी असते.

पहिला राउंड भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. तेव्हा एखादा ताजा मॉक जवळ असावा, मजा येते, पण पहिला मोठा सौदा झाला की तो बंद करावा. बोर्ड मात्र ठेवावा आणि नाव पुकारलं की खोडत जावं. तिसऱ्या दिवशी, जेव्हा मॉकचं नावही कोणी काढत नाही, तेव्हा वरच्या दीडशेपैकी कोण अजून उरलंय हे तोच सांगतो. शेवटचं नाव पुकारलं की ज्यांना कोणीच घेतलं नाही त्यांना करारात बांधायला टीमांची धावपळ सुरू होते, आणि तेव्हाही खालची न खोडलेली नावं बघण्यासारखी असतात. २००३ मध्ये टोनी रोमो काउबॉइजकडे आला तो असाच, एकाही राउंडमध्ये नाव न येता.