सुजलेल्या पायांचं मूळ फुप्फुसात

संध्याकाळ झाली की पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. दिवसभर उभ्यानं कामं केल्यावर असं व्हायचंच, असं म्हणून साठीतली बाई पायांखाली उशी घेऊन झोपते. जिना चढताना धाप लागते, ती वयामुळे. सकाळी खोकून खोकून कफ पडतो, त्याची तर वर्षानुवर्षांची सवय. या तिन्ही तक्रारी एकाच आजाराच्या असू शकतात आणि तो आजार फुप्फुसाचा असू शकतो, हे घरात कुणाच्या मनात येत नाही.

त्या आजाराला दवाखान्यात सगळे सीओपीडी म्हणतात, म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, श्वासनळ्यांत कायमचा अडथळा आणणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधानं बऱ्याचशा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होऊन बसतात. शिवाय त्यांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांच्या, नाजूक भिंती झिजत जातात. निरोगी माणसाचे वायुकोश उलगडून पसरले, तर साधारण 70 चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे जवळजवळ दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी. रक्तात प्राणवायू शिरतो तो एवढ्या पसाऱ्यातून. भिंती गेल्या की पसाराही आटतो.

आता पायांकडे येऊ. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोचेनाशी झाली, की तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळतं. शेतात बारं देणारा माणूस एका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडतो, तशीच ही सोय. न्यूमोनियानं फुप्फुसाचा एखादाच भाग निकामी झाला असेल, तर ती उत्तम चालते. सीओपीडीत मात्र बहुतेक सगळ्याच वाफ्यांची तोंडं अर्धीमुर्धी बुजतात. पाणी जायचं कुठे? मागे दाब वाढतो आणि तो सोसावा लागतो हृदयाच्या उजव्या कप्प्याला. या कप्प्याची भिंत पातळ असते, कारण त्याचं काम शेजारच्या फुप्फुसात कमी दाबानं रक्त ढकलण्याचं. जास्तीच्या दाबाशी झुंजताना ती आधी जाड होते, मग थकून कप्पा फुगतो. शरीरातून परत येणारं रक्त तुंबतं आणि घोट्यांपाशी पाणी साचतं. पाय सुजण्याची कारणं इतरही असतात, मूत्रपिंड, यकृत, रक्तदाबाच्या काही गोळ्या. पण जुना खोकला आणि धाप यांच्या जोडीला सूज आली, तर छातीकडे पाहायलाच हवं.

‘तिनं तर कधी बिडीला हातही लावला नाही,’ असं घरचे सांगतात, आणि ते खरंच असतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चुलीचा, गोवऱ्यांचा, पाण्याच्या बंबाचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, बरा झालेला पण व्रण ठेवून गेलेला क्षयरोग, ही त्यांची कारणं. डासांची एक कॉइल जळते तेव्हा 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, असं मोजमाप झालेलं आहे. बंद खोलीत, लेकरांच्या उशाशी ती लावताना हे आठवावं. 2016 साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज आहे.

हृदयाची डावी बाजूही सुटत नाही. फुप्फुसात सतत धुमसणारा दाह रक्तातून इतर अवयवांपर्यंत पोचतो, आणि धमन्यांच्या आजाराला तो पोषक ठरतो. खोकला, कफ, धाप अचानक वाढण्याचा काळ विशेष धोक्याचा. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासून 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा वाढीनंतरच्या पहिल्या पाच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. छातीत आवळल्यासारखं होतं, पण ‘नेहमीचीच धाप’ म्हणून नुसता श्वासाच्या औषधाचा पंप ओढला जातो. इथं मोलाचा वेळ जातो.

धाप लागते म्हणून माणूस चालणं टाळतो. न चालल्यानं मांड्या रोडावतात, आणि दुबळे स्नायू थोड्या श्रमातही थकतात, म्हणून धाप आणखी लवकर लागते. वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. पाठीचा एखादा मणका दबला की छाती वाकते आणि फुप्फुसाला फुलायला होती तेवढीही जागा उरत नाही. मनाचं दुखणं तर कुणाला दिसतच नाही. मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, भजनात दोन ओळींनंतर श्वास पुरत नाही, म्हणून बाई जाणंच सोडते. घरचे म्हणतात, हल्ली ती अबोल झाली आहे. सीओपीडीत नैराश्य आणि चिंता सर्रास आढळतात.

हृदयाची फाइल एका डॉक्टरांकडे, हाडांची दुसऱ्यांकडे, आणि फुंकून घेण्याची चाचणी कुठेच झालेली नाही, याची मला फार खंत वाटते. जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये स्पायरोमीटरनं दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून 1846 साली निष्कर्ष मांडले. आज ते यंत्र हातात मावतं. जोरानं सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे ते सांगतं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली राहिलं, तर नळ्यांत अडथळा आहे. रक्तदाब गल्लीतल्या दवाखान्यातही मोजतात, श्वास मात्र क्वचितच.

गेलेले वायुकोश परत येत नाहीत. तरीही श्वसन पुनर्वसन नावाच्या उपचारात आठवड्यातून दोन-तीनदा, असं सहा-आठ आठवडे रुग्णांना देखरेखीखाली चालवतात, खुर्चीतून उठबस करायला लावतात, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला शिकवतात. त्यानंतर पुन्हा स्पायरोमीटरमध्ये फुंकलं, तर आकडा बहुधा तोच येतो. पण सहा मिनिटांत चालून होणारं अंतर वाढलेलं असतं. फुप्फुस होतं तसंच असतं, बळ आलेलं असतं मांड्यांना.