माफी नको, फेरतपासणी हवी : फौजदारी अपिलाची पार्श्वभूमी

खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं तर वर अपील करायचं, यात आज कुणाला नवल वाटत नाही. इंग्लंडमध्ये मात्र १९०७ पर्यंत पैशांच्या दाव्यात अपील होई, फाशीच्या खटल्यात होत नसे. ज्युरीचा शब्द शेवटचा. १८४८ मध्ये एक वेगळं कोर्ट नेमलं गेलं, पण तिथे फक्त कायद्याचा मुद्दा जाई, आणि तोही खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने स्वतः पाठवला तर. साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलं असेल तर गृहमंत्र्यांकडे अर्ज, एवढीच वाट. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची! मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

अडॉल्फ बेकचं तेच झालं. डिसेंबर १८९५ मध्ये लंडनच्या रस्त्यात एका बाईने त्याला अडवलं : लॉर्ड असल्याची बतावणी करून माझे दागिने लांबवणारा हाच. मग आणखी बायकांनीही त्याला ओळखलं. १८७७ मध्ये असल्याच फसवणुकीत जॉन स्मिथ नावाच्या माणसाला शिक्षा झाली होती; तो स्मिथ म्हणजेच बेक, असं पोलिसांनी धरलं. बेक तेव्हा पेरूमध्ये होता, पण तो पुरावा न्यायाधीशांनी येऊच दिला नाही. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्याला स्मिथचाच जुना क्रमांक मिळाला, डी ५२३, आणि सराईत म्हणून पुढे डब्ल्यू.

१८९८ मध्ये तुरुंगाच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. एवढं कळूनही फक्त तो डब्ल्यू खोडला गेला. बेक आतच राहिला.

१९०१ मध्ये तो सुटला. १९०४ मध्ये तसल्याच आरोपात पुन्हा दोषी ठरला. शिक्षा सुनावायची बाकी असताना खरा स्मिथ अंगठ्या गहाण टाकताना सापडला. बेकला ‘माफी’ मिळाली आणि पुढे पाच हजार पौंड भरपाई. मूळचे मुंबईचे पारशी असलेल्या पाद्र्याचा मुलगा जॉर्ज एडलजी याच्या चुकीच्या शिक्षेचं प्रकरणही तेव्हाच गाजत होतं. लोक चिडले, आणि १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपील कोर्ट आलं.

हक्क मिळाला, पण धाकासकट : अपील केलं तर शिक्षा वाढवण्याचाही अधिकार या कोर्टाला होता, तो १९६६ मध्ये गेला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात, कलम १४(५) मध्ये, दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही वरच्या न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क नोंदवला गेला.

तरी अपील कोर्टही चुकतंच. १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांसाठी सहा निरपराध माणसांना जन्मठेप झाली. १९८८ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा कायम ठेवली आणि १९९१ मध्ये त्याच कोर्टाने ती रद्द केली. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यानंतर १९९७ मध्ये स्वतंत्र फेरतपासणी आयोग सुरू झाला. अपिलं संपलेल्या कैद्याचा अर्जही तो घेतो, कागदपत्रं मागवतो, नवा पुरावा शोधतो. शिक्षा रद्द करणं मात्र त्याच्या हातात नाही. प्रकरण तो पुन्हा अपील कोर्टाकडेच पाठवतो.