हेरिंग नदीचे खाजण : बांध दुसऱ्यांदा का बांधला गेला

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडवरील वेलफ्लीट गावी, हेरिंग नदीच्या मुखावर 1909 मध्ये बांध घातला गेला तो डासांसाठी. सुमारे 1,100 एकरांच्या खाजणात, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणाऱ्या सखल दलदलीत, भरतीचे पाणी शिरले नाही, तर डास संपतील, जमीन सुकेल आणि उन्हाळी पाहुणे वाढतील, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे नदीचे पात्र सरळ करण्यात आले, सखल भागात गोल्फचे मैदान उभे राहिले आणि खाऱ्या गवताच्या जागी झुडपे माजली.

खाजणात पुन्हा भरतीचे पाणी सोडण्याच्या आजच्या पुनरुज्जीवन प्रकल्पाचा उगम मात्र 1909 पेक्षा 1974 मध्येच अधिक शोधावा लागतो. 1960च्या दशकापर्यंत बांधाच्या उघाड्या, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारे, गंजून निकामी झाल्या होत्या आणि समुद्राचे पाणी हळूहळू आत येऊ लागले होते. म्हणजे जे काम आज कोट्यवधी डॉलर खर्चून करावे लागत आहे, त्याला भरतीने आपणहून सुरुवात केली होती. पण मधल्या सहा दशकांत कोरड्या जमिनीवर लोकांचे हितसंबंध तयार झाले होते. मैदानात आणि काही खासगी जागांत पाणी शिरल्याच्या तक्रारी आल्या आणि 1974 मध्ये बांध नव्याने बांधण्यात आला. त्याला तीन मोऱ्या ठेवल्या गेल्या : दोहोंना भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी झडप आणि तिसरीला वर-खाली करता येणारी उघाडी. बंदरात भरती-ओहोटीतला फरक सुमारे 10 फुटांचा असताना बांधाच्या आत तो जेमतेम 2 फुटांवर आला. ज्यांच्या जागा बुडत होत्या त्यांची अडचण खरी होती, हे मान्य केले तरी, संपूर्ण खोऱ्याचे भवितव्य थोड्या सखल जमिनीच्या सोयीने ठरले, हे नाकारता येत नाही.

परिणाम 1980च्या दशकात उघड झाले. पाण्याखालून उघड्या पडलेल्या मातीतील गंधकाच्या संयुगांना हवा लागली, त्यांचे गंधकाम्ल बनले, आम्लामुळे मातीतील ॲल्युमिनियम विरघळून नदीत उतरले आणि मासे मेले. डास गेले नाहीतच. त्यांच्या अळ्या खाणारे मासे अशा पाण्यात टिकत नसल्यामुळे उलट त्यांचे फावले. भरतीने वाहून आणलेला गाळही अडल्यामुळे आणि सुकलेला थर कुजत गेल्यामुळे जमीन काही ठिकाणी सुमारे 3 फूट खचली.

या खचण्यामुळेच बांध एकदम फोडून टाकण्याचा पर्याय उरला नाही, कारण एवढ्या खोल जागेत पूर्ण भरती सोडली, तर खाजणाऐवजी उथळ पाण्याचा विस्तार तयार होण्याची भीती होती. पर्यावरणीय आढावा 2016 मध्ये पूर्ण झाला आणि 2023 मध्ये बांधाच्या जागी पूल उभारण्याचे काम सुरू झाले. पुलाला उघाड्या असून त्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उघडायच्या आहेत, जेणेकरून पाण्याबरोबर गाळ येऊन जमीन उंचावायला वेळ मिळेल. गोल्फच्या मैदानाचा सखल भागही भर घालून उंच करण्याची तरतूद आराखड्यात आहे. 1974 मध्येही हा मार्ग खुला होता.