लाकूडतंतू-प्लॅस्टिकचा चिवटपणा

लाकडाचा भुसा किंवा तंतू मिसळलेले प्लॅस्टिक आघात बसल्यावर तुटण्याआधी किती ऊर्जा पचवते, ते म्हणजे त्याचा चिवटपणा. बाजारात हा माल ‘डब्ल्यूपीसी’ (वुड-प्लॅस्टिक कॉम्पोझिट) नावाने विकला जातो. बोलताना आपण सगळ्यालाच ‘मजबूत’ म्हणतो. पण ताठरता, म्हणजे न वाकण्याचा गुण, वेगळी, चिवटपणा वेगळा. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये भुसा घातला की फळी ताठ होते आणि बहुधा ठिसूळही.

लाकूड पाणी ओढते, पॉलिप्रॉपिलीन पाण्याला थारा देत नाही. त्यामुळे दोघांचा सांधा कच्चा राहतो आणि तडा तिथूनच निघतो. यावर मलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेले पॉलिप्रॉपिलीन साधारण 1 ते 5 टक्के घालतात. त्यातला अनहायड्राइड लाकडातील हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांशी बंध बांधतो आणि त्याला जोडलेली पॉलिप्रॉपिलीनची साखळी प्लॅस्टिकमध्ये गुंतते. मात्र पकड जितकी घट्ट तितका चिवटपणा जास्त, हा समज फसवा आहे. तंतू घासत बाहेर निसटतो तेव्हा आघाताची ऊर्जा खर्च होते. पकड अति झाली तर तो जागीच तुटतो आणि तडा सरळ पुढे जातो. म्हणूनच खाच पाडलेल्या (म्हणजे तड्याला आधीच सुरुवात करून दिलेल्या) व न पाडलेल्या नमुन्यांचे आयझॉड चाचणीतील, म्हणजे लोलकाचा आघात देऊन मोजलेले, आकडे परस्परविरुद्ध कल दाखवू शकतात. विक्रेत्याने एकच आकडा पुढे केला, तर तो कुठल्या नमुन्याचा ते विचारावे.

नागपुरात लकडगंजच्या आरामशीनींतून भुसा निघतो, पण त्याचे कण आखूड असतात. निसटताना घासायला त्यांना लांबीच नसते. त्यातून सागाचा भुसा असेल तर त्यातला तेलकट अंश पकडीच्या आड येऊ शकतो.

दुसरा मार्ग रबराचा. ईपीडीएम किंवा एसईबीएससारख्या रबराचे सूक्ष्म कण तड्याची धार बोथट करतात, पण ताठरता घटते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. गच्चीवरच्या फळीत रबर सढळ असेल तर ती झोळ धरते. उलट पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होते, पण नागपूरच्या थंडीची मजल तिथवर जात नाही.

लाकूड 200 अंशांच्या आसपास करपू लागते, त्यामुळे जास्त तापमानाला वितळणारी प्लॅस्टिके सहसा बाद होतात. पावसाळ्यात ओल धरलेला भुसा नीट न वाळवता घातला, तर वाफेचे बुडबुडे राहतात आणि प्रत्येक बुडबुडा तड्याला आयती जागा देतो. लांब तंतू आणले तरी जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये (प्लॅस्टिक वितळवून मळणाऱ्या यंत्रात) मळताना ते तुटतात. म्हणून ते सुरुवातीलाच न घालता, पुढच्या टप्प्यावर वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये बाजूने सोडतात.