आरोग्य सेविका

ग्रामीण उपकेंद्राच्या हद्दीतील गावांमध्ये माता-बालसंगोपन, लसीकरण, कुटुंबनियोजन आणि रोगनियंत्रण ही कामे एकत्रितपणे पाहणारी प्रशिक्षित परिचारिका म्हणजे आरोग्य सेविका. शासकीय दप्तरात ती ‘एएनएम’ (सहायक परिचारिका-प्रसाविका) असते, तर गावात ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’.

प्रतिबंध आणि उपचार यांची सांगड घालावी, अशी शिफारस देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच केली होती. तरीही पुढील काळात हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा मोहिमांसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमले गेले आणि एकाच घराच्या उंबऱ्यावर वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नोंदवह्या घेऊन येऊ लागले. करतारसिंग समितीने १९७३ मध्ये या कर्मचाऱ्यांचे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांत रूपांतर सुचवले, तेव्हा मुख्यतः प्रसूतिसेवा देणारी एएनएम ‘आरोग्य सेविका’ झाली. सध्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते.

तिच्या कामातील एकात्मता सर्वांत स्पष्ट दिसते ती अंगणवाडीत भरणाऱ्या लसीकरण सत्रात. आशा स्वयंसेविकेने तयार केलेल्या यादीप्रमाणे बालके येतात. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास तेथेच थांबवून ठेवायचे असते आणि त्याच वेळात बाळाचे वजन, आईची चौकशी, गरोदर मातांचा रक्तदाब, हिमोग्लोबिन व लघवीची तपासणी उरकली जाते. एखाद्या गरोदर मातेचा रक्तदाब वाढलेला आणि लघवीत प्रथिने आढळली, तर तिला तातडीने वरच्या दवाखान्यात पाठवण्याचा निर्णय सेविकेलाच घ्यावा लागतो. गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यापासून चार तासांत वापरावी लागते, उरलेली लस टाकून द्यावी लागते. म्हणून दूरच्या वाडीवरची मुले वेळेवर जमवणे हीदेखील तिच्या कौशल्याची बाब ठरते, जरी अहवालात त्यासाठी रकाना नसतो.

२०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले (२०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’) आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. तीस वर्षांवरील व्यक्तींची उच्च रक्तदाब, मधुमेह तसेच मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी ही नवी जबाबदारी आली, पण माता-बालकांची जुनी कामे कायम राहिली. सेवा एकाच हाती आल्या तरी हिशेब मात्र वेगळेच राहिले: क्षयरोगासाठी ‘निक्षय’, लसीकरणासाठी ‘यू-विन’, असंसर्गजन्य रोगांसाठी आणखी एक पोर्टल. कागदावरची ही विभागणी सेविकेचा घरभेटीचा वेळ खाते, आणि एकात्मिक सेवेतील हा मोठा अडथळा म्हणावा लागेल.

स्थलांतरामुळे तर सेवेचा धागा सहज तुटतो. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर कुटुंबे हंगामात महिनोन्‌महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. गावच्या यादीतले बाळ साखर कारखान्याच्या तळावर असते आणि तिथली सेविका त्याला ओळखत नसते. अशा वेळी आईजवळचे माता व बाल संरक्षण कार्ड पाहून राहिलेल्या लसी ठरवता येतात. ते हरवले असेल आणि यू-विनवरही नोंद सापडत नसेल, तर आईला विचारून व बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयरोगप्रतिबंधक लसीचा) व्रण पाहून पुढचा अंदाज बांधावा लागतो.