पाऊस १:३२ मध्ये पडत नाही

ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल जुनं, राबलेलं दिसायला हवं असेल तर एक सल्ला हमखास मिळतो: ठेवा की गच्चीवर, एक पावसाळा काढू द्या, आपोआप गंजेल. ऐकायला पटतं. करून पाहिलं तर सप्टेंबरात हाती येतं ते एक मळकं खेळणं. जुना ट्रॅक्टर काही येत नाही.

पहिली अडचण साधी आहे. लाल गंज चढायला लोखंड लागतं. १:३२ मापाचे, म्हणजे खऱ्याहून ३२ पट लहान, धातूचे ट्रॅक्टर ओतलेले असतात ते जस्ताच्या मिश्रधातूत, ज्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम असतं. जस्तावर पांढरट भुकटी येते, तांबूस गंज कधीच येत नाही. आतले स्क्रू किंवा चाकांचे आस पोलादी असले तर तेवढे गंजतील, आणि ते नेमके दिसत नाहीत. मग कोणीतरी स्टील वूल व्हिनेगरमध्ये भिजवून त्याचं पाणी फासायला सांगतं. त्यातून खरा गंज मिळतो, हे मान्य. पण व्हिनेगर जस्तालाही खातं. शिवाय त्या गंजाचा अर्ध्या मिलिमीटरचा कण ३२ पटीने मोजला तर १६ मिलिमीटरचा ढेकूळ होतो. रसायन बरोबर असूनही माप चुकतं.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. ट्रॅक्टर ३२ पट लहान करता येतो, पाणी करता येत नाही.

उदाहरणाला मॅसी फर्ग्युसन १३५ घेऊ. १९६४ ते १९७५ या काळात इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत बनलेला, लाल बॉनेट-मडगार्ड आणि करडं इंजिन-गिअरबॉक्स असलेला. आपल्याकडे ज्याला नुसतं ‘मॅसी’ म्हणतात त्याच घराण्यातला. खऱ्या १३५ च्या मडगार्डवर पाऊस पडला की थेंब एकत्र येतात, वजनाने ओघळतात, कडेला जाऊन टपकतात. वर्षानुवर्षांच्या त्या वाटाच आपल्याला ‘जुनेपणा’ म्हणून दिसतात. आता तळहातावरचं मॉडेल पाण्याखाली धरा. मडगार्डवर सव्वादोन मिलिमीटरचा थेंब बसतो आणि हलतच नाही. मॉडेलच्या मापात तो क्रिकेटच्या चेंडूएवढा आहे. मडगार्डला क्रिकेटचे चेंडू चिकटून बसलेला ट्रॅक्टर कोणी पाहिलाय?

कारण असं. थेंबाला खाली ओढतं त्याचं वजन आणि जागेवर धरून ठेवतो पृष्ठताण. या दोघांच्या ताकदीचं गुणोत्तर लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतं. माप ३२ पट लहान केलं की पृष्ठताणाच्या तुलनेत गुरुत्वाकर्षण ३२ गुणिले ३२, म्हणजे हजाराहून थोडं जास्त पट दुबळं होतं. पाण्यासाठी ही सीमारेषा २.७ मिलिमीटरच्या आसपास येते. त्याहून मोठ्या गोष्टींत वजनाचं राज्य, त्याहून लहानांत पृष्ठताणाचं. खऱ्या ट्रॅक्टरचे पत्रे, कडा, खाचा बहुतांश पहिल्या राज्यात राहतात. मॉडेलचे जवळपास सगळे दुसऱ्या.

म्हणून वेदरिंग करणारा, म्हणजे मॉडेलला जुनेपणा आणणारा, पावसाची नक्कल करत नाही, पावसाने जे केलं असतं ते हाताने मांडतो. त्यासाठी तो याच पृष्ठताणाला कामाला लावतो, आणि त्या युक्तीचं नाव वॉश.

वॉश म्हणजे अतिपातळ रंग. ऑइल पेंटच्या ट्यूबमधला गडद तपकिरी, बर्न्ट अंबर, वाटाण्याएवढा घ्या. आधी अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवा, म्हणजे त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. नाहीतर वॉश चकचकीत राहतो आणि दिवसेंदिवस वाळत नाही. मग एक भाग रंग, दहा भाग टर्पेंटाइन. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते खनिज तेलाचं असतं, आपल्याला तेच हवं. एनसी थिनर (लॅकर रंगांसाठीचा) चुकूनही नको, प्लास्टिकचे भाग विरघळतील.

हा वॉश फासायचा नाही. शून्य नंबरच्या ब्रशचं टोक बुडवून बॉनेट आणि लोखंडी जाळीच्या सांध्याला नुसतं टेकवायचं. गडद रेघ सांध्यातून स्वतःच पळत जाते, वळणावर वळते, वरसुद्धा चढते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, टर्पेंटाइनचा २५ च्या आसपास. त्यामुळे टर्पेंटाइन थेंब करून बसत नाही, पृष्ठभागाला ओलं करत पसरतं. केशाकर्षण बाकीचं काम करतं. दोन सपाट पत्र्यांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट असेल तर त्यात टर्पेंटाइन सहा सेंटीमीटरच्या वर चढू शकतं, म्हणजे मॉडेलच्या बॉनेटच्या उंचीहून जास्त. खऱ्या ट्रॅक्टरवर हीच फट ३.२ मिलिमीटरची, आणि तिथे तेच द्रव जेमतेम दोन मिलिमीटर चढेल. मॉडेलचं लहानपण पावसाच्या बाबतीत आडवं येतं, इथे फुकटचा मदतनीस होतं.

पण इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. वॉश वाळला की सपाट पत्र्यावर डाग राहतो: मधे फिका, कडेला गडद वळं. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या थेंबाचंही असंच होतं. थेंब वाळताना त्याची कड पृष्ठभागाच्या खडबडीतपणात अडकते, मागे सरकू शकत नाही. पातळ कडेवरून बाष्पीभवन सर्वांत वेगाने होतं. तिथलं कमी झालेलं द्रव भरून काढायला मधलं द्रव बाहेरच्या दिशेने वाहतं आणि रंगाचे कण सोबत घेऊन जातं. कण कडेला पोचतात, द्रव उडून जातं, कण तिथेच राहतात. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ही यंत्रणा मांडली, तोवर रोज दिसणाऱ्या या वळ्याकडे फारसं कोणी गांभीर्याने पाहिलं नव्हतं. पुढे २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की कण गोल नसून लांबट असले तर वळं पडतच नाही: लांबट कण द्रव आणि हवेच्या सीमेवरच एकमेकांना धरून बसतात, कडेला ढीग होत नाही, डाग सारखा वाळतो. हे जरा खोलात गेलं, पण ब्रश हातात असताना उपयोगी पडतं.

कड अडकते ती खडबडीतपणामुळे. म्हणून वॉशच्या आधी ॲक्रिलिक ग्लॉस वार्निशचा हात द्यायचा आणि पूर्ण २४ तास वाळू द्यायचा. मॅट रंगावर सरळ वॉश सोडला तर तो ब्लॉटिंग पेपरसारखा पसरतो आणि भरती ओसरल्यावर राहतात तशा रेषा सोडतो. वार्निश ॲक्रिलिकच हवं. खाली इनॅमल असेल तर टर्पेंटाइन तेही उचलून आणतं आणि सगळ्याचा चिखल होतो. वॉश सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, चकाकी गेली पण रंग पक्का वाळला नाही अशा वेळी, चपटा ब्रश स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडाला जवळजवळ कोरडा पुसा आणि सपाट भागावरचं जास्तीचं ओढून घ्या. उभ्या पत्र्यावर वरून खाली, बॉनेटच्या माथ्यावर मधून कडेकडे. ब्रश ओला राहिला तर नवीन वळी तयार होतात. आणखी एक: स्टीअरिंगसारखे ताण देऊन बसवलेले प्लास्टिकचे भाग टर्पेंटाइनने तडकतात. ते वेगळे काढून रंगवा किंवा तिथे पाण्यातला वॉश वापरा. लाल पत्र्यावर काळा वॉश नको, कार्टून दिसतं. काळपट तपकिरी इंजिन-गिअरबॉक्सच्या करड्या ओतीव भागांवर शोभतो.

आता गंज. बाजारातल्या ‘रस्ट इफेक्ट’च्या महागड्या बाटल्या पाहून वाटतं की गंज म्हणजे भडक केशरी. बाटलीत काय असतं ते बघाल तर बहुतेक वेळा केशरी-तपकिरी रंगद्रव्यच, कुठली जादू नाही. ताजा, पातळ गंज केशरी असतो. जुना, जाड थर गडद, चॉकलेटी, काही ठिकाणी काळपट. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांचा थेंबाचा प्रयोग इथे आठवावा. लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला तर हवेतला ऑक्सिजन कडेला सहज पोचतो, मधे कमी. लोखंड विरघळतं मधे आणि गंज साचतो मधल्या भागाच्या नि कडेच्या दरम्यान. म्हणजे धातू झिजतो एकीकडे आणि गंज दिसतो दुसरीकडे. मॉडेलवर याचा अर्थ: रंग उडालेल्या जखमेत गडद तपकिरी भरा, केशरी फक्त तिच्याखालच्या ओघळात, तोही वॉशइतका पातळ. सायलेन्सर मात्र वेगळा. तो तापतो, पाणी टिकत नाही, म्हणून तिथे सारखा, कोरडा, ओघळ नसलेला तांबूस-तपकिरी रंग.

जखमा दोन तऱ्हांनी करता येतात. स्पंजच्या तुकड्याला गडद तपकिरी लावून, कागदावर बराचसा टिपून, कडांवर हलकेच टेकवणं ही सोपी. एक मिलिमीटरची जखम म्हणजे खऱ्या पत्र्यावर सव्वातीन सेंटीमीटर, हे विसरू नका. भोपळ्याएवढे चट्टे पडलेले ‘जुने’ ट्रॅक्टर यामुळेच दिसतात.

दुसरी तऱ्हा हेअरस्प्रेची. आधी गंजाचा रंग, त्यावर ॲक्रिलिक वार्निश, मग हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, पंधरा-वीस मिनिटं वाळवणं, वर लाल ॲक्रिलिक, पाण्यात पातळ केलेला. तासाभराच्या आत कोमट पाणी लावून आखूड केसांच्या ब्रशने घासा. केस बसवणारं पॉलिमर पाण्याने मऊ होतं आणि वरचा लाल पोपडा घेऊन निघतं. लाल हात जाड झाला तर कातडं सोलल्यासारखा निघतो. स्पिरिटच्या थिनरने पातळ केला तर तो हेअरस्प्रेत मुरतो आणि निघतच नाही. खालचं वार्निश विसरलात तर गंजही धुऊन जातो. जुलैच्या दमट हवेत हेअरस्प्रे चिकट राहतो, तेव्हा टेबल लँपखाली वाळवा.

जखमा कुठे करायच्या? जिथे बूट, हात आणि साखळी लागते तिथे: क्लच-ब्रेकच्या पेडलांवर, पायठाणावर, मागच्या हायड्रॉलिक दांड्यांच्या टोकांना, लिव्हरच्या मुठींवर. इथे गंज नाही, घासून उघडा पडलेला धातू चमकतो. मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की पुरे. आपल्याकडचा ट्रॅक्टर करत असाल तर पुढच्या जाळीवर काळी बाहुली नाहीतर लिंबू-मिरची तारेने बांधलेली असतेच. नजर लागते की नाही ते बांधणाऱ्याला ठाऊक, पत्र्याला मात्र तारेचा घासा नक्की लागतो. तिथे दोन बारीक अर्धवर्तुळाकार ओरखडे द्या.

लाल रंगाचं उन्हाने फिकं होणं हे गंजापेक्षा जास्त जागा व्यापतं, आणि नवशिके तेच विसरतात. अतिनील किरणांनी रंगातलं बांधणारं रेझिन तुटतं, रंगद्रव्य भुकटीसारखं मोकळं होतं, त्या खडबडीत थरातून प्रकाश विखुरतो आणि लाल गुलाबी-पांढुरका दिसतो. बोट फिरवलं तर लाल खडू लागतो. मॉडेलवर वरच्या आडव्या भागांना मूळ लालमध्ये थोडा पिवळसर पांढरा मिसळून पातळ हात द्या, उभ्या बाजूंना कमी, स्टिकरच्या खाली अजिबात नाही. आणि एक जागा मुद्दाम गडद ठेवा: डिझेलच्या टाकीच्या झाकणाभोवती. सांडलेलं डिझेल त्या भुकटीतल्या पोकळ्या भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं आणि तेवढाच पट्टा पुन्हा गडद लाल, ओलसर दिसतो. ओलं कापड गडद दिसतं त्याच कारणाने. ग्लॉस वार्निशमध्ये टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ऑइल रंग मिसळा आणि झाकणापासून खाली एक ओघळ सोडा, खाली जाताना निमुळता.

चाकांना इनॅमल लावू नका. मऊ टायर बहुधा प्लास्टिसायझर घातलेल्या पीव्हीसीचे असतात. तो बाहेर झिरपतो आणि इनॅमल महिनोन् महिने चिकट राहतं. ॲक्रिलिक गडद करडा लावा, शुद्ध काळा नको.

चिखलासाठी सुक्या रंगद्रव्याची भुकटी आणि थोडं प्लास्टर पातळ ॲक्रिलिक माध्यमात कालवून टायरवरच्या नांग्यांच्या (जाड उंचवट्यांच्या) मधल्या खाचांत भरा. नांग्यांचे माथे कोरडे पुसून घ्या, कारण रस्त्यावर आल्याबरोबर तेच आधी साफ होतात. खरी माती वापरायची हौस असेल तर चहाची गाळणी पुरत नाही, मलमलच्या दुहेरी कापडातून वस्त्रगाळ करा. काळ्या मातीतली चिकणमाती दोन मायक्रॉनहूनही बारीक असते, ती चालते. कोकणच्या जांभ्या मातीतले खडे मात्र राहिले तर ट्रॅक्टरवर दगड चिकटल्यासारखे दिसतील. ओली असताना माती गडद दिसते, वाळली की दोन छटा उजळते, म्हणून रंग ठरवायचा तो वाळलेल्या नमुन्यावर.

धूळ सगळ्यात शेवटी, कोरड्या ब्रशने, पायठाण आणि मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत. तिच्यावर मॅट वार्निश फवारलं की पोकळ्या भरतात आणि अर्धी धूळ डिझेलच्या डागासारखी नाहीशी होते. त्यामुळे वार्निश आधी, धूळ नंतर, आणि त्यानंतर मॉडेल उचलायचं ते खालून, गिअरबॉक्सला धरून.