पिकअप बिघडला असे ठरवण्यापूर्वी

सतार, तानपुरा किंवा हार्मोनिअमला आमच्याकडून पिकअप (वाद्याचा आवाज केबलने यंत्राकडे नेणारे छोटे उपकरण) बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी

"आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, खोलीतला पंखासुद्धा रेकॉर्ड होतो, पिकअप बदलून द्या," अशी तक्रार पिकअप लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड करणाऱ्यांकडून आमच्याकडे वारंवार येते. वाद्य दुकानात आल्यावर आम्ही ते आमच्या यंत्राला जोडून पाहतो आणि बहुतेक वेळा पिकअप ठणठणीत निघतो. तोवर ग्राहकाचा दिवस मोडलेला असतो, शिवाय तानपुरा असेल तर एस.टी.च्या गर्दीतून भोपळा सांभाळत परत जाण्याची काळजी वेगळीच. म्हणून वाद्य घराबाहेर काढण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, ही विनंती.

पंखा ऐकू येणे हीच या तक्रारीतली खरी खूण आहे. आम्ही बसवतो तो पिकअप लाकडाची कंपने घेतो. हवेतून येणारा आवाज तो फारसा घेत नाही. पंखा, कुकरची शिटी आणि रस्त्यावरचे हॉर्न स्पष्ट ऐकू येत असतील, तर संगणक आपल्या पिकअपचे ऐकतच नाही, तो स्वतःच्या अंगच्या माइकने खोली ऐकतो आहे. खात्री करण्यासाठी रेकॉर्डिंग सुरू करून आधी लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड नखाने हलकेच घासावी, नंतर वाद्याच्या तबलीवर पिकअपजवळ टिचकी मारावी. नखाचा आवाज मोठा आणि टिचकीचा क्षीण आला, तर दोष पिकअपचा नाही. काही लॅपटॉपमध्ये माइक कळफलकाजवळ असतो. अशा वेळी तिथेही घासून पाहावे.

असे होण्याचे कारण पिनेत असते. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन आणि माइक यांसाठी मिळून एकच छिद्र असते आणि त्याला मोबाइलच्या हेडफोनसारखी, तीन काळ्या रेघा असलेली पिन लागते. पिकअपच्या केबलला एक किंवा दोन रेघांची पिन असते. ती घातली की माइकचा टप्पा आणि अर्थिंगचा टप्पा एकमेकांना चिकटतात, लॅपटॉप "हेडफोन लावला" असे समजतो आणि स्वतःचा माइक चालूच ठेवतो. पिन घट्ट बसते, कुठेही चुकीची सूचना येत नाही, त्यामुळे सगळा संशय पिकअपवर जातो. पिनेवरच्या रेघा मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही.

यावर माइक आणि हेडफोन वेगळे करणारी जोडकेबल मिळते, ती आम्हीही ठेवतो. ती लावल्यावर ऑडॅसिटी किंवा आपण वापरत असाल त्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंगसाठी बाहेरचा माइक निवडावा लागतो. हे आपोआप होईलच असे नाही. मात्र जोडकेबलने आवाज आला तरी सतारीचा खर्ज पातळ वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे. आमचा पिकअप पिएझो जातीचा, म्हणजे कंपनांपासून वीज तयार करणारा आहे आणि त्याला सुमारे 10 लाख ओहम रोधाचे इनपुट लागते. संगणकाच्या माइक इनपुटचा रोध काही हजार ओहमच असल्याने खालचे सूर तिथेच गळून जातात. बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प (पिकअपचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) किंवा वाद्यासाठी वेगळे इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस (वाद्य यूएसबीने संगणकाला जोडणारी पेटी), यांपैकी एकाने ही अडचण सुटते. दोन्ही आमच्याकडे आहेत, पण फक्त रियाज ऐकण्यासाठी रेकॉर्ड करायचे असेल तर जोडकेबल पुरेशी आहे, असे आम्ही स्वतःहून सांगतो.

तानपुऱ्याच्या ग्राहकांना आणखी एक अनुभव येतो: सुरुवातीचे काही क्षण आवाज भरदार येतो आणि मग ओसरत जातो. विंडोजमधली आवाज 'सुधारणारी' सोय बोलण्यासाठी बनवलेली आहे, आणि अखंड चालणारा सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, म्हणून ती तो दाबते. तानपुऱ्याला घरघर समजणाऱ्या यंत्राला काय म्हणावे! सेटिंग्जमध्ये साउंडखाली आपले इनपुट उघडून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करावे.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा कीबोर्ड थेट माइकच्या छिद्रात जोडल्यास आवाज फाटतो. तो आत शिरतानाच फाटलेला असल्यामुळे प्रोग्रॅममध्ये कमी करून उपयोग नाही. वाद्याचाच आवाज कमी करावा. सतत गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहावे.

पिकअप निर्दोष निघाला तरी आम्ही तपासणी शुल्क घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. जोडणी सोडवणे, ऐकणे आणि तारा न उतरवता वाद्य परत लावणे यात तासभर जातो, आणि तो तास दुसऱ्याच्या वाद्याचा असतो. हे शुल्क टाळण्यासाठी 30 सेकंदांचे रेकॉर्डिंग आधी पाठवावे: पहिली 5 सेकंदे शांतता, मग टिचकी, मग वादन. व्हॉट्सॲपवर ते व्हॉइस मेसेज म्हणून न पाठवता वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि सोबत पिनेचा जवळून घेतलेला फोटो जोडावा. ते ऐकून वाद्य आणायचे की नाही, हे आम्ही विनामूल्य कळवतो.